चवदार तळ्याचा दावा : युक्तिवादाचा एक पाठ

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव म्हणून साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. तानाजी आणि शेलारमामा यांची स्मारके या गावात आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या डोंगराळ मुलखात शाळकरी मुलाला इतिहास पहिल्यांदा भेटतो तो पोवाड्यातून. काही काळापूर्वी या परिसरातील मुलांच्या एका अभ्यासवर्गात बोलण्याचा योग आम्हाला आला. सिंहगडाचा विषय निघाला, घोरपडीची गोष्ट मुलांनी उत्साहाने सांगितली, आणि तेवढ्यात मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, "पण हे पाहिले कुणी? लिहून कुणी ठेवले?" मुले हसली. उपस्थित वडीलधाऱ्यांपैकी एकाच्या कपाळाला आठी पडली. आम्हाला मात्र त्या दिवशीच्या वर्गाचे सार्थक त्या प्रश्नातच झाले असे वाटले.

त्याच वर्गात पुढे आम्ही महाडच्या मुक्तिसंग्रामाविषयी विचारले. १९ व २० मार्च १९२७ या तारखा मुलांना तोंडपाठ होत्या. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले हेही त्यांनी सांगितले. मग आम्ही विचारले, "तळ्याचे पाणी घेण्याचा आपल्याला हक्क होता, तो कशावरून? विरुद्ध पक्षाचे म्हणणे काय होते? आणि ते का टिकले नाही?" वर्ग शांत झाला. घोरपडीवर शंका घेणारी ती मुलगीही गप्प राहिली. दोष मुलांचा नाही. आम्ही, त्यांना शिकविणाऱ्यांनी, महाड हा अभिमानाचा विषय म्हणून त्यांच्या हाती दिला. विचाराचा विषय म्हणून दिला नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू ही उणीव दाखविण्याचा आहे. महाडचा लढा हा धैर्याचा लढा होताच, पण तो युक्तिवादाचाही लढा होता. युक्तिवाद तपासून पाहण्याची विद्या शिकविण्यासाठी त्याहून चांगला पाठ आमच्या मुलांना अन्यत्र मिळणे कठीण आहे.

पोवाडा आणि पुरावा

प्रथम त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. सिंहगडाची लढाई ४ फेब्रुवारी १६७० रोजी झाली. घोरपडीची कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात येते. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर त्या घटनेनंतर सुमारे सत्तावीस वर्षांनी, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली. तानाजीचा पराक्रम तीत आहे, घोरपड नाही. सिंहासारखा वीर गमावला म्हणून कोंढाण्याला सिंहगड हे नाव पडले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु शिवाजी महाराजांच्या एप्रिल १६६३ च्या पत्रातच गडाचा उल्लेख सिंहगड असा आहे. म्हणजे हे नाव तानाजींच्या मृत्यूच्या सात वर्षे आधीपासून वापरात होते.

यामुळे तानाजींचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. पोवाडा हा स्फुरण देण्यासाठी रचलेला असतो. तो आपले काम चोख करतो. पत्र हे हुकूम देण्यासाठी लिहिलेले असते. दोघांचे प्रयोजन वेगळे, म्हणून दोघांची साक्षही वेगळ्या तोलाची. एखादे लिखाण आपल्याला काय पटवू पाहते, कोणासाठी लिहिले गेले आणि घटनेपासून किती अंतरावर उभे आहे, हे प्रश्न विचारणे म्हणजे अवमान नव्हे. ही सवय ज्याला लागली, तो पोवाड्याचा आनंदही अधिक जाणतेपणाने घेतो.

धम्माची शिकवण

ही सवय आम्हा बौद्धांना परकी नसावी. अंगुत्तर निकायातील केसमुत्ति सुत्त, म्हणजेच कालाम सुत्त, आमच्या व्याख्यानांतून वारंवार सांगितले जाते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नये, हा त्यातील भाग सर्वांना ठाऊक असतो. परंतु तथागतांनी कालामांना सांगितलेल्या दहा आधारांची यादी तेथे संपत नाही. केवळ तर्काला पटते म्हणून, आपल्या आधीच्या मताशी जुळते म्हणून, बोलणारा योग्य दिसतो म्हणून, आणि हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही काही स्वीकारू नये, असे तेथे आहे. पहिले आधार दुसऱ्यांच्या समजुतीवर घाव घालतात. शेवटचे आमच्या स्वतःच्या. आम्ही बहुधा पहिल्यांपाशीच थांबतो. धर्म अकुशल की कुशल, सुज्ञांनी निंदिलेला की प्रशंसिलेला, आचरणात आणल्यास अहिताचा की हिताचा, ही कसोटी त्यानंतर येते.

त्याच निकायात प्रश्नांना उत्तर देण्याचे चार प्रकार सांगितले आहेत : काहींना सरळ उत्तर द्यावे, काहींना विभागून, काहींना उलट प्रश्न विचारून, आणि काही बाजूला ठेवावेत. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद भदन्त नागसेनांना वादाचे आमंत्रण देतो, तेव्हा नागसेन विचारतात की वाद पंडितांच्या रीतीने करणार की राजांच्या? पंडितांच्या वादात म्हणणे खोडून काढले जाते, चूक कबूल केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजाच्या वादात न पटणाऱ्याला दंड होतो. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले, त्यामागे हीच परंपरा होती. वर्गात शिक्षक पंडित होतो की राजा, यावर पुढचे सारे अवलंबून असते. उमरठच्या त्या मुलीच्या प्रश्नाने कपाळाला आठी घालणारा गृहस्थ, नकळत का होईना, राजाच्या रीतीने वागत होता.

महाडच्या मातीतील पूर्वसूरी

महाडचा युक्तिवाद १९२७ साली एकाएकी जन्माला आला नाही. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाल्यावर १८८८ च्या सुमारास 'विटाळ विध्वंसन' घेऊन पुढे आले. त्यांच्या या लिखाणाचा घाट लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांनी उच्चवर्णीयांपुढे सव्वीस प्रश्न मांडले. ज्याचे म्हणणे असेल त्याने ते सिद्ध करावे, हा वादाचा नियम आहे. विटाळ मानणारा समाज शतकानुशतके काहीही सिद्ध न करता बसला होता, आणि विटाळलेला म्हणवला जाणारा मात्र आपली शुद्धता सिद्ध करीत होता. प्रश्नांच्या रूपाने वलंगकरांनी सिद्धतेचे ओझे जेथे असावयास हवे तेथे नेऊन ठेवले. १८९५ साली त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांनी खळखळ केली. सार्वजनिक संस्थेत आपले स्थान काय, हा प्रश्न या तालुक्यात तेव्हाच उभा राहिला होता.

त्यानंतरचे नाव रामचंद्र बाबाजी मोरे यांचे. महाडच्या परिषदेच्या संयोजकांत ते अग्रभागी होते. १९०३ साली जन्मलेल्या या मुलाला शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत जातीमुळे प्रवेश नाकारला गेला. अकरा वर्षांच्या आसपासच्या या मुलाने वर्तमानपत्राकडे पत्र लिहिले. सरकारी अनुदान घेणारी शाळा एका विद्यार्थ्याला जातीवरून कसे नाकारू शकते, असा प्रश्न त्यातून जाहीर झाला आणि शाळेला प्रवेश देणे भाग पडले. अर्थात तेथेही त्यांना इतर मुलांत बसू दिले नाही. या पत्राची शक्ती कशात होती? त्याने दयेची याचना केली नाही. त्याने एक आधारवाक्य शोधले, जे समोरच्याला नाकारता येणार नव्हते : जे सर्वांच्या पैशावर चालते, ते सर्वांसाठी खुले असले पाहिजे.

हेच आधारवाक्य पुढे मोठ्या व्यासपीठावर आले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालविलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या काळात, त्यास अनुसरून चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. ठराव कागदावर होता. २० मार्च १९२७ रोजी परिषदेतील हजारो माणसे बाबासाहेबांच्या मागून तळ्याकडे चालत गेली, तेव्हा तो कृतीत आला. एका मुलाचे पत्र, कौन्सिलाचा ठराव आणि ती मिरवणूक यांत एकच युक्तिवाद वाहत होता, हे आमच्या मुलांना दिसले पाहिजे.

दाव्याची चिरफाड

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे पाहू. मार्चच्या घटनेनंतर सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याची शुद्धी केली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. डिसेंबरातील सत्याग्रह परिषदेच्या तोंडावर, १२ डिसेंबरला, पांडुरंग रघुनाथ धारप व इतर आठ जणांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात बाबासाहेब, सीताराम नामदेव शिवतरकर व अन्य सहकाऱ्यांविरुद्ध १९२७ चा दावा क्रमांक ४०५ दाखल केला. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. परिषद भरली, मनुस्मृती जाळली गेली. परंतु दावा चालू असल्याने तळ्यावर जाणे तूर्त स्थगित करावे, असा निर्णय बाबासाहेबांनी घेतला व लोकांना समजावून दिला. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो मनाई हुकूम उठला. मूळ दावा मात्र चालत राहिला.

दाव्याचे दोन पाय होते. पहिला, हे तळे सार्वजनिक नसून चौधऱ्यांचे, म्हणजे खाजगी आहे. दुसरा, केवळ स्पृश्यांनीच ते वापरावे अशी अनादि काळापासूनची वहिवाट आहे. 'खाजगी' आणि 'अनादि' या दोन शब्दांवर सारी इमारत उभी होती. मन वळविणाऱ्या कोणत्याही लिखाणात असे भार वाहणारे शब्द शोधून काढणे हे विद्यार्थ्याचे पहिले काम होय.

पहिला पाय पाहा. ऑगस्टात नगरपालिकेकडून ठराव रद्द झाला तो, तळे नगरपालिकेच्या अखत्यारीत आहे असे धरूनच. डिसेंबरात मात्र गावातील त्याच विचाराच्या मंडळींनी तळे खाजगी असल्याचे सांगितले. ज्या तळ्यावर नगरपालिकेचा हक्कच नाही, त्याविषयीचा तिचा ठराव रद्द करण्याची गरज काय होती? हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. मात्र लगेच सावधही करावे : ठराव रद्द करणारी नगरपालिका आणि दावा करणारे नऊ जण ही एकच व्यक्ती नव्हे. म्हणून ही विसंगती संशय उत्पन्न करते, पण एकटी पुरावा होत नाही. न्यायालयाने पुराव्यावरूनच तळे नगरपालिकेचे ठरविले.

दुसऱ्या पायाची परीक्षा अधिक उद्बोधक आहे. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. दीर्घकाळ अस्पृश्यांनी तळे वापरले नाही, ही गोष्ट त्या न्यायालयाने मान्य केली. परंतु एकाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्याला दुसऱ्यास अडविण्याचा हक्क प्राप्त होत नाही, असे ठरविले. येथे न्यायाधीशांनी विभागून उत्तर दिले. घटना खरी, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष खरा नव्हे.

हेच बौद्ध न्यायाच्या भाषेत मांडता येते. आचार्य दिङ्नागांनी खऱ्या हेतूची तीन लक्षणे सांगितली : तो पक्षात असला पाहिजे, सपक्षात असला पाहिजे आणि विपक्षात कोठेही असता कामा नये. आता वादींचे अनुमान असे मांडू. प्रतिज्ञा : अस्पृश्यांना तळ्यावर हक्क नाही. हेतू : कारण त्यांनी ते वापरलेले नाही. पहिले लक्षण जमते. वापर नव्हता हे खरे. हक्क नसलेले लोक वापर करीत नाहीत, म्हणून दुसरेही जमते. पण तिसरे पाहा. हक्क आहे आणि तरीही वापर नाही, असे कोठे आढळते काय? अंगणात स्वतःची विहीर असलेला गृहस्थ गावच्या तळ्यावर जन्मात जात नसेल, म्हणून त्याचा हक्क नष्ट होत नाही. आणि ज्याला मार खाण्याचे भय आहे, तोही जात नाही. हेतू विपक्षातही सापडतो. म्हणून तो अनैकान्तिक, अर्थात हेत्वाभास होय. महाडच्या न्यायाधीशांनी दिङ्नाग वाचला होता असे आम्ही म्हणत नाही. सरळ विचार करणारी माणसे वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचतात, एवढेच आमचे म्हणणे.

वादींनी ठाण्याला अपील केले. जानेवारी १९३३ मध्ये तेही फेटाळले गेले. वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, असा तेथील निष्कर्ष होता. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांनी हाच निर्णय कायम केला. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतल्याला तेव्हा दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस उरले होते.

आपल्या बाजूचीही परीक्षा

येथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या सभांतून अनेकदा असे ऐकू येते की उच्च न्यायालयाने या निकालाने अस्पृश्यता बेकायदा ठरविली, समतेचा हक्क मान्य केला. निकालाने तसे केलेले नाही. अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही, एवढ्यावर न्यायालय थांबले. वहिवाट सिद्ध झाली असती तर ती न्याय्य मानावी की नाही, या प्रश्नात शिरण्याची गरजच त्यामुळे उरली नाही. अस्पृश्यता नष्ट झाल्याची घोषणा भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने केली, आणि ते संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले. त्यासाठी वेगळा लढा लागला.

हे स्पष्ट केल्याने महाडची थोरवी उणावते काय? मुळीच नाही. उलट बाबासाहेबांची दृष्टी अधिक स्पष्ट होते. डिसेंबर १९२७ च्या भाषणात त्यांनी सांगितले होते की तळ्याचे पाणी प्याल्याने कोणी अमर होणार नाही. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी ही धडपड आहे. म्हणजे पाण्याचा दावा आणि माणुसकीचा दावा हे दोन वेगळे दावे आहेत, हे त्यांना आरंभापासून ठाऊक होते. पहिला न्यायालयात जिंकता येत होता. दुसरा तेथे संपणारा नव्हता. दोहोंची गल्लत आम्ही केली, त्यांनी केली नाही.

विरोधकाचे म्हणणे कसे हाताळावे, याचाही धडा त्याच १९३७ सालात आहे. 'जातिभेद निर्मूलन' हा प्रबंध १९३६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाल्यावर महात्मा गांधींनी 'हरिजन' पत्रातून त्यावर टीका केली. दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यासोबत आपले उत्तर जोडले. भाषण रद्द करणाऱ्या लाहोरच्या जातपात तोडक मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही पुस्तकात आहे. ज्याला आपल्या युक्तिवादावर विश्वास असतो, तो विरोधकाचे म्हणणे झाकून ठेवीत नाही. वाचकाच्या हाती दोन्ही देतो आणि निवाडा त्याच्यावर सोपवितो. आज भ्रमणध्वनीवर दिवसाकाठी येणारे संदेश, मग ते आमच्या विरोधात असोत वा आमच्या गौरवाचे, या मापाने मोजले तर त्यातील किती टिकतील?

वर्गात काय करावे

आमची सूचना साधी आहे. विहारांतून चालणाऱ्या साप्ताहिक वर्गांत आणि ज्या शिक्षकांना शक्य आहे त्यांनी शाळांतही हा दावा पाठ म्हणून घ्यावा. मुलांचे दोन गट करावेत. एकाने बाबासाहेबांची बाजू मांडावी, दुसऱ्याने वादींची. आणि दुसऱ्या गटाला ती पूर्ण ताकदीने मांडू द्यावी. पुढच्या आठवड्यात बाजू बदलाव्यात. आमच्या मुलांच्या तोंडी सनातन्यांचे शब्द का घालावेत, असा आक्षेप काहीजण घेतील. त्यांना आम्ही एवढेच विचारू की विरुद्ध बाजूचा दावा न वाचता बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले असते काय?

प्रत्येक गटाने पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत. म्हणणे नेमके काय आहे? ते सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर आहे? पुरावा कोणता, आणि तो किती जवळचा? पुराव्यापेक्षा निष्कर्ष मोठा झाला आहे काय? कोणता शब्द सर्वांत जास्त भार वाहतो आहे? या पाच प्रश्नांनी सिंहगडाचा पोवाडा तपासता येतो, महाडचा दावा तपासता येतो आणि आमच्या स्वतःच्या नियतकालिकातील लेखही तपासता येतो. तशी तपासणी झाली तर आम्हाला संतोषच वाटेल.

उमरठच्या त्या वर्गाच्या अखेरीस आम्ही फळ्यावर दिङ्नागांचे अनुमान मांडले आणि विचारले, "वापरले नाही, म्हणून हक्क नाही, हे बरोबर आहे का?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती घोरपडीची शंका विचारणारी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "माझी आजी कधी शाळेत गेली नाही. म्हणून शाळा तिची नव्हती असे होत नाही." विपक्षातील उदाहरण तिला तिच्या घरातच सापडले होते. महाडच्या तळ्याचा हक्क कशावरून, या प्रश्नाचे उत्तर आता ती कोणालाही देऊ शकेल. आणि ते उत्तर तिला कोणी पाठ करून दिलेले नसेल.